शब्दचर्चा : ‘इन्फॉर्म्ड कन्सेंट’ला (उपचाराची माहिती समजून घेऊन रुग्णाने दिलेल्या संमतीला) मराठीत काय म्हणावं?

बोरूबहाद्दर : नागपुरात धंतोलीतल्या एका रुग्णालयाचे फॉर्म मराठीत करून राहिलो. ‘सूचित संमती’ ठेवू का?

शब्दवेल्हाळ : नको. ‘सूचित’ म्हणजे आडून सुचवलेलं. इथं तर उघड सांगायचं आहे. ‘माहितीपूर्वक संमती’ लिहा. आणि ‘मला सर्व समजावून सांगितले आहे’ हे छापील वाक्य काढाच. त्याजागी मोकळ्या ओळी ठेवा : काय करणार, कशासाठी, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, उपचार नाकारले तर काय होईल. समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने एवढी माहिती आवश्यक मानली. अगदी दुर्मिळ धोक्यांची यादी मागितली नाही. त्या प्रकरणात संमती दुर्बिणीच्या तपासणीची होती. रुग्ण भुलीखाली असताना आईची सही घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले. जिवाला तातडीचा धोका नव्हता, रुग्ण सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. त्यामुळे आईची सही कामाची ठरली नाही.

बोरूबहाद्दर : आणि ‘थेराप्युटिक प्रिव्हिलेज’, म्हणजे रुग्णाच्या भल्यासाठी डॉक्टरने त्याच्यापासून माहिती राखून ठेवणं? ‘उपचार-विशेषाधिकार’?

मेडिकल चौक : ‘विशेषाधिकार’ म्हटलं की डॉक्टरसाहेबांना मोकळं रान. ‘रुग्णहितार्थ अपवाद’ बरा. ब्रिटनच्या माँटगोमेरी निकालात (२०१५) तो फार अरुंद आहे : सांगितल्यानेच रुग्णाच्या प्रकृतीला गंभीर अपाय होईल, असं वाजवी कारण हवं. ऐकून रुग्ण ऑपरेशनला नाही म्हणेल, ही भीती त्यात बसत नाही. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण व्याख्या करायला उपयोगी आहे. माहिती राखलीच तर काय राखलं, का, आणि पुन्हा कधी विचार करणार, हे केसपेपरवर तारीख-वेळेसह लिहावं.

शब्दवेल्हाळ : आपल्याकडे नेहमीचं भांडण वेगळंच असतं. ‘बाबांना कॅन्सर सांगू नका हो’ हे मुलगा म्हणतो, बाबा नाही! तो ना अपवाद, ना संमती. खुद्द बाबा म्हणाले, ‘मला नका सांगू, पोराशी बोला’, तर तो ‘माहिती-त्याग’. दोन्हींना एकच शब्द वापरू नका. त्यागासाठी फॉर्मवर वेगळी ओळ आणि रुग्णाचीच सही घ्या.

मेडिकल चौक : दादा, हिंदी प्रतही कराच. छिंदवाडा, बालाघाटचे रुग्ण येतात. अंगठा असेल तर मजकूर कोणत्या भाषेत वाचून दाखवला तेही लिहा, आणि साक्षीदार रुग्णालयाच्या नोकरीतला नसला तर उत्तम.