धिंगरीच्या वापरलेल्या बेडपासून थर्माकोलला पर्याय : शून्य भांडवलाचा दावा कितपत खरा?

माळरान :
“धिंगरी अळंबीची शेवटची काढणी झाली की बेड फेकू नका, साच्यात दाबून वाळवा आणि थर्माकोलऐवजी विका, भांडवल शून्य,” अशी एक पोस्ट सध्या बचत गटांमध्ये फिरते आहे, आणि ती वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही. धिंगरी म्हणजे ऑयस्टर मशरूम, आणि बेड म्हणजे ती उगवण्यासाठी कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, भरलेली प्लास्टिक पिशवी. अमेरिकेतील इकोव्हेटिव्ह ही २००७ साली स्थापन झालेली कंपनी अशी वेष्टने बनवते, परंतु तिथे शेतातील ताज्या काडीकचऱ्यावर साच्यातच बुरशी वाढवली जाते. तिचे तंतू कणांना बांधत जातात आणि काही दिवसांनी उष्णता देऊन ती वाढ थांबवली जाते. आपल्या बेडमधले बरेचसे अन्न तीन काढण्यांत संपलेले असते आणि बहुधा हिरव्या बुरशीने शिरकावही केलेला असतो. असे कुटार कुस्करून साच्यात भरले, तर त्याची बांधणी पुन्हा होणार कशी?

कुटारवाला :
आपण कधी करून पाहिले आहे का? आमच्या गटाने वापरलेले कुटार उन्हात वाळवले, त्यात सोयाबीनचे तितकेच ताजे कुटार मिसळले, सगळे पुन्हा वाफवले आणि नवे स्पॉन, म्हणजे अळंबीचे बियाणे, घालून साचे भरले. त्या ठोकळ्यांमध्ये बसवलेल्या लोणच्याच्या काचेच्या बरण्या एसटीच्या टपावरून पुण्याला धडपणे पोहोचल्या. जे उकिरड्यावर जात होते त्याला निम्मे तरी काम मिळाले, एवढे आमच्यासाठी पुरेसे आहे.

नदीकाठ :
ठोकळे मजबूत होतात की नाही, यापेक्षा त्यांत काय मुरलेले आहे याची मला जास्त चिंता वाटते. बेड भरण्याआधी नको असलेली बुरशी आणि जंतू मारण्यासाठी १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि १२५ मिलिलिटर फॉर्मेलिन हे जंतुनाशक घालून कुटार रात्रभर भिजवायचे आणि त्याच कुटाराला पुढे निसर्गस्नेही म्हणून विकायचे, हे मला पटत नाही. माझी आई ते द्रावण उघड्या हातांनी ढवळत असे. तिचे डोळे चुरचुरत आणि तिला जडलेला खोकला आजही गेलेला नाही.

कुटारवाला :
ती कृषी विद्यापीठांनी शिकवलेली पद्धत आहे आणि गरिबाला तीच परवडते. गरम पाण्याच्या प्रक्रियेसाठी रोजचे सरपण कोण देणार? आईच्या आजारपणाबद्दल मला वाईट वाटते, परंतु हातमोजे न देणाऱ्याचा दोष पद्धतीच्या माथी मारू नका.

नदीकाठ :
हातमोजे द्यायचे असतात, हे प्रशिक्षणात आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. सरपणाचा खर्च आपल्याला दिसतो, कारण तो पैशांत मोजता येतो. बाईच्या खोकल्याचा खर्च कोणत्या वहीत लिहायचा? आम्ही आता कुटार ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतो आणि सरपण म्हणून तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, वापरतो. आपण विद्यापीठाच्या आड लपू नका.

कुटारवाला :
मी कोणाच्याही आड लपत नाही. तुऱ्हाट्या सगळ्यांच्या बांधावर नसतात. तरीही ठोकळ्यांचे कुटार आम्ही वाफवतोच, तेव्हा बेड भरतानाही वाफच वापरता येईल, एवढे मान्य करतो. याहून अधिक नाही.

माळरान :
निम्मे ताजे कुटार मिसळण्याची युक्ती चालते, हे बरण्यांच्या अनुभवावरून मलाही मान्य करावे लागेल. परंतु वाफेचा ड्रम, नवे स्पॉन, साचे आणि वाळवण्याची सोय एवढे सगळे लागत असताना ‘भांडवल शून्य’ म्हणणे ही फसवणूकच आहे. बेडची प्लास्टिक पिशवी कुठे जाते, याबद्दलही त्या पोस्टमध्ये अक्षर नाही. ओल्या बेडचे निम्म्याहून अधिक वजन पाण्याचेच असते. कर्ज काढून साचे घ्यायला निघालेल्या बायकांना पोस्टकर्त्याने आधी एवढे सांगावे, की शंभर किलो ओल्या बेडमधून किती किलो कोरडे ठोकळे निघतात आणि पावसाळ्यात ते कुठे वाळवायचे.