मदत हवी आहे (तातडीची): दगडातल्या हातोडीला काय उत्तर द्यायचं?

वाटसरू_९
परवा अभ्यासगटात मला बोलायचंय आणि मी पुरता अडकलोय. मागच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी हातोडीचा मुद्दा काढला. दगड ४० कोटी वर्षांचा, हातोडी त्याच्या आत, म्हणजे माणूस तेव्हाही होता आणि उत्क्रांतीचा सगळा कालपट खोटा. त्याचं कार्बन डेटिंगही झालंय म्हणे. मी विरोध केला तर "मग खोडून दाखव" म्हणाले, आणि सगळ्यांनी ते काम माझ्याच गळ्यात घातलं.

मानवाच्या उगमाबद्दल मी आवडीने वाचतो, पण भूगर्भशास्त्र मला येत नाही. "हे छद्मविज्ञान आहे" एवढं म्हणून भागणार नाही, समोर बसणारी माणसं हुशार आहेत. ठोस मुद्दे हवेत. ठशांचंही उत्तर लागेल. लवकर सांगा, प्लीज.

केतकी_वन
कुठली हातोडी? कुठले ठसे? लाएतोलीचे, म्हणजे माणसाच्या पूर्वजांच्या पावलांचे, असतील तर ते अस्सल आहेत, त्यांना खोडायला जाऊ नका. टांझानियात १९७८ साली मेरी लीकी यांच्या चमूला ज्वालामुखीच्या राखेत सापडले, वय साधारण ३६ लाख वर्षं. आणि ते उत्क्रांतीच्या बाजूचे आहेत.

खडकवाचक
आधी एवढंच सांगा: ४० कोटी हे वय कशाचं? दगडाचं, हातोडीचं, की जिथे तो दगड सापडला त्या परिसरातल्या खडकाचं? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि तो दगड खडकातून फोडून काढला होता की सुटा पडलेला होता? हे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

टणटणी
मी सगळ्यांना एकच सांगतो, स्वतः दगड फोडून बघा. गारगोटीच्या कडेवर नीट कोन साधून घाव घाला, छिलका निघतो. त्या छिलक्यावर घावाच्या जागेखाली फुगवटा दिसतो आणि तिथून लाटा पसरत गेलेल्या दिसतात. गाभ्यावर त्याचाच खोलगट उलटा ठसा राहतो. हे हाताला कळलं की माणसाने घडवलेला दगड आणि नदीत आपटून फुटलेला दगड यांतला फरक कुणी शिकवायला लागत नाही. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि धूळ छातीत जाऊ देऊ नका, मोकळ्या हवेत बसा.

वाटसरू_९
अहो, लंडनची हातोडी! सगळीकडे फिरतेय ती. लाकडी दांडा आणि लोखंडी डोकं, भोवती दगड. ठसे डायनासोरच्या शेजारचे, माणसाच्या पावलांसारखे, टेक्सासमधले. टणटणी, हातोडी लोखंडाची आहे, छिलक्यांचा इथे काय संबंध? खडकवाचक, वय कशाचं ते मला कसं माहीत असणार? त्यांनी ४० कोटी म्हटलं एवढंच.

निर्मोही_क
लंडन म्हणजे इंग्लंडचं नव्हे. टेक्सासमध्ये लंडन नावाचं गाव आहे, तिथली ती हातोडी. १९३० च्या दशकात एका जोडप्याला फिरताना सापडली. व्यासपीठावर इंग्लंड म्हणून बसू नका, पहिल्याच वाक्याला अडवतील.

खडकवाचक
मग सोपं झालं. तो दगड सुटा मिळाला होता, कुठल्याही थरातून खणून काढलेला नव्हता. तुमच्या भाषणाचा कणा हाच ठेवा. पुरातत्त्वात वस्तूपेक्षा तिची जागा मोलाची असते. कुठल्या थरात होती, वर काय होतं, खाली काय होतं, वरून खड्डा किंवा बीळ आत आलं होतं का, याची नोंद काढताना तिथल्या तिथे व्हावी लागते. ती नसेल तर कितीही सुंदर वस्तू वयाबद्दल मुकी असते. हातोडी खडकाच्या थरात बसलेली कुणीही पाहिलेली नाही.

आता "दगडाच्या आत" कशी गेली? पाण्यात विरघळलेला चुना किंवा लोहाची खनिजं एखाद्या वस्तूभोवती साचतात आणि गाळाला घट्ट धरतात. अशा गाठीला कॉन्क्रीशन म्हणतात. याला कोट्यवधी वर्षं लागत नाहीत. इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावरच्या खारट दलदलीत दुसऱ्या महायुद्धातल्या तोफगोळ्यांभोवती अशा टणक गाठी झालेल्या मिळाल्या आहेत. म्हणजे गाठीतल्या खनिजाचा कण जुना असू शकतो, पण ती गाठ बांधली गेली ती कालपरवाची. १९८० च्या दशकात मानवशास्त्रज्ञ जॉन कोल यांनी या हातोडीचं हेच स्पष्टीकरण दिलं होतं. हातोडीची घडण एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी हातोड्यांसारखीच आहे.

सागरगोटा
अजून एक ठोस मुद्दा घ्या. ४० कोटी वर्षांपूर्वी दांडा करायला लाकूड कुठलं? सर्वात जुनी माहीत असलेली जंगलं साधारण ३९ कोटी वर्षांची आहेत. त्याआधी जमिनीवर होत्या त्या बुटक्या वनस्पती. दांड्यावरूनच दावा कोसळतो.

खडकवाचक
सागरगोटा, हा मुद्दा वापरू देऊ नका त्यांना. ४० आणि ३९ मधलं अंतर एवढं कमी आहे की समोरचा म्हणेल, उद्या अजून जुनं जंगल सापडेल. आणि ते म्हणणं चूक नसेल. शिवाय त्या परिसरातला खडक क्रिटेशस काळातला आहे, साधारण ११ कोटी वर्षांचा, आणि दावा करणारेही पुढे त्याच आकड्यावर आले. तेव्हा झाडं भरपूर होती. मग तुमचा मुद्दा गेला आणि त्याच्यासोबत वक्त्याचा विश्वासही गेला.

सागरगोटा
पण त्या सदस्यांनी ४०च म्हटलंय ना? त्यांच्याच आकड्यावर त्यांना प्रश्न विचारण्यात गैर काय? मला अजूनही वाटतं की ऐकणाऱ्याच्या मनात हाच राहील. स्तर, गाठी हे लोक विसरतात, झाड विसरत नाहीत.

केतकी_वन
मी खडकवाचकांच्या बाजूने. लक्षात राहणारा मुद्दा हवा असेल तर कार्बनचा घ्या. कार्बन-१४ चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातला निम्मा भाग नाहीसा व्हायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. दहा अर्धायुष्यं गेली की हजारातला जेमतेम एक भाग उरतो, म्हणून ही पद्धत साधारण ५० हजार वर्षांपलीकडे चालत नाही. शिवाय ती कधीतरी जिवंत असलेल्या गोष्टींवर चालते: लाकूड, कोळसा, हाड. दगडाचं वय तिने काढता येत नाही. म्हणजे "कार्बन डेटिंग झालंय" आणि "४० कोटी" ही दोन विधानं एकमेकांशेजारी उभीच राहू शकत नाहीत. त्यांना शांतपणे विचारा, कार्बनने आकडा आला असेल तर तो किती आला?

लाएतोलीचं वय राखेवरून काढलंय, पोटॅशियम-अरगॉन पद्धतीने. तिथे कार्बनचा प्रश्नच येत नाही. कुठली पद्धत कशाला लागू पडते एवढं जरी कळलं तरी निम्मे दावे वाचता वाचता गळून पडतात.

जुनाजाणता
सगळे एकाच बाजूने बोलत आहेत म्हणून लिहितो. हातोडी खोटी असेल, वाद नाही. पण शास्त्रज्ञ नवीन पुरावा सहज मानतात हे मला पटत नाही. इंग्लंडमधली पिल्टडाउनची कवटी १९१२ मध्ये माणसाच्या पूर्वजाची म्हणून जाहीर झाली आणि १९५३ पर्यंत मिरवली. माणसाची कवटी, ओरांगउटानचा जबडा, कानशीने घासलेले दात! चाळीस वर्षं मोठमोठ्यांना कळलं नाही. दुसरीकडे चिलीतल्या मोंटे वेर्देला, प्राचीन वस्तीच्या जागी, पुरातत्त्वज्ञ टॉम डिलेहे यांनी १९७७ पासून काम केलं, ते मान्य व्हायला १९९७ उजाडलं. क्लोव्हिसच्या, म्हणजे साधारण १३ हजार वर्षांपूर्वीच्या हत्यारं घडवणाऱ्या लोकांच्या, आधी अमेरिकेत माणूस नव्हता हे ठरलेलंच होतं ना? मग सामान्य माणसाला संशय आला तर त्याचा काय दोष?

केतकी_वन
दोष नाहीच. पण तुमची दोन्ही उदाहरणं नीट पाहू. मोंटे वेर्दे मान्य झालं ते कशामुळे? जुन्या गाळाखाली, पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) थराने झाकलेल्या जागेत लाकडी खुंट आणि गाठी मारलेल्या दोऱ्या मिळाल्या, जागच्या जागी, नोंदींसकट. १९९७ मध्ये ज्यांना शंका होती असे तज्ज्ञही तिथे गेले आणि साधारण साडेचौदा हजार वर्षांचं वय मान्य करून परतले. पुढे २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सचे २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीचे ठसे आले. त्यांच्या वयावर आक्षेप आला, कारण ते पाणवनस्पतीच्या बियांवरून काढलं होतं आणि पाण्यातल्या जुन्या कार्बनने असं वय फसवं येऊ शकतं. म्हणून त्याच चमूने परागकण घेतले, गाळातल्या क्वार्ट्झवर वेगळी पद्धत वापरली, आणि २०२३ मध्ये निकाल तोच आला. आक्षेप आला की नवी मोजणी करायची. हातोडीच्या बाबतीत अशी मोजणी कुणी पुढे आणली?

जुनाजाणता
मान्य, पण वीस वर्षं गेली ती डिलेहेंची गेली. त्याबद्दलही बोलायला हवं. अभ्यासगटात ते बोललात तर समोरच्यांना वाटेल की तुम्ही एखाद्या गटाची वकिली करत नाही आहात.

खडकवाचक
हे मात्र अगदी बरोबर. पिल्टडाउनबद्दल थोडं सांगतो, कारण तो विषय हमखास निघेल. ती कवटी चालली, कारण मोठा मेंदू आधी आला ही तेव्हाची आवडती कल्पना तिच्यातून सिद्ध होत होती. १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टाउंगचं बालक, म्हणजे एका लहान मुलाची जीवाश्म कवटी, सापडलं. मेंदू लहान, पण चाल दोन पायांवरची. रेमंड डार्ट यांनी १९२५ मध्ये ते मांडलं तेव्हा अनेकांनी झिडकारलं, आणि त्याला पिल्टडाउनही एक कारण होतं. पुढे आफ्रिकेत तसेच अवशेष सापडत गेले आणि पिल्टडाउन एकटं पडलं. केनेथ ओकली यांनी १९४९ मध्ये फ्लोरीन मोजलं. जमिनीत पडलेल्या हाडात फ्लोरीन हळूहळू मुरतं, आणि या हाडांत ते फारच कमी निघालं. १९५३ मध्ये बनाव उघड झाला. फसले ते शास्त्रज्ञ आणि उघड केलं तेही शास्त्रज्ञांनीच. या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगा, एक गाळून दुसरी सांगू नका.

पानगळ
माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत, याचं उत्तर: आजची माकडं आपली पूर्वज नाहीत, आपले पूर्वज एकच होते. शिवाय २०१० मध्ये निअँडरथल या नामशेष झालेल्या मानवाच्या जनुकांचा आराखडा आला, आणि आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्यांचा साधारण २ टक्के वारसा आहे. स्वांते पेबो यांना २०२२ चं नोबेल त्याच कामासाठी मिळालं. भाषणाची सुरुवात इथून करा.

वाटसरू_९
पानगळ, आभार, पण हे मी विचारलंच नव्हतं. माकडाचा विषय तिथे निघालाच नाही, मी काढला तर अर्धा तास त्यातच जाईल. ठशांवर अजून एकानेही लिहिलेलं नाही! मला बोलायला वीस मिनिटं आहेत.

टणटणी
वीस मिनिटं हे आधी सांगायचं ना! मग तर दगड घेऊन जाच. दोन दगड समोर ठेवा, एक घडवलेला आणि एक आपोआप फुटलेला, आणि ओळखायला सांगा. संबंध आहे, वाटसरू. तुमचा विषय हातोडी नाही, पुरावा कसा वाचायचा हा आहे. नुसत्या आकारावरून ठरवणारे हमखास चुकतात. इओलिथ म्हणून ज्या दगडांना एके काळी अतिप्राचीन हत्यारं मानलं, त्यांचं पुढे काय झालं? निसर्गाच्या दाबानेही तशा कडा फुटतात हे दिसलं आणि तो दावा मागे पडला. ठशांचंही तेच आहे, आकार पाहून माणूस ठरवला.

सागरगोटा
हे पटलं.

निर्मोही_क
ठसे: पॅलक्सी नदी, ग्लेन रोज, टेक्सास. तिथले तीन बोटांचे डायनासोर ठसे खरे आहेत, खडक ११ कोटी वर्षांच्या आसपासचा. "माणसाचे" ठसे दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार कोरलेला. १९३० च्या दशकातल्या मंदीत लोकांनी अवाढव्य पावलं कोरून विकली. रोलंड बर्ड या जीवाश्मतज्ज्ञाने विक्रीला ठेवलेले असे दगड पाहिले आणि १९३८ मध्ये तिथे जाऊन खरे डायनासोर ठसे अभ्यासले.

दुसरा प्रकार जास्त रंजक आहे. डायनासोर कधी कधी बोटांमागचा लांब भाग टेकवून चालत, त्यामुळे ठसा लांबट होतो. वर बोटांच्या खुणांत वेगळा गाळ भरून घट्ट झाला की उरतो तो आकार मोठ्या पावलासारखा दिसतो. या ठशांचे अभ्यासक ग्लेन कुबान यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की भरलेल्या गाळाचा रंग वेगळा आहे आणि त्या रंगात तीन बोटं स्पष्ट दिसतात. त्यानंतर, १९८६ मध्ये, हा दावा पुढे नेणाऱ्या प्रमुख मंडळींनीही त्यातून अंग काढून घेतलं. या बोटांच्या रंगाचे फोटो दाखवा. एका फोटोत काम होईल.

वाटसरू_९
हे हवं होतं मला! आता क्रम असा धरतो: जागेची नोंद, गाठ, कार्बन, ठसे, आणि शेवटी जुनाजाणतांचं मोंटे वेर्दे, वीस वर्षांच्या उशिरासकट. झाडाचा मुद्दा सोडतो. टणटणी, दोन दगड मिळाले तर नेतो.

एक शेवटचं. ते सदस्य वयाने आणि मानाने मोठे आहेत, मला त्यांना सर्वांसमोर उताणं पाडायचं नाही. आणि हातोडी गेली की ते दक्षिण आफ्रिकेतले गोळे काढतील, गोल, मधोमध खाचा असलेले. त्याचं कुणाला माहीत आहे का?

केतकी_वन
पहिल्याबद्दल: "तुम्ही चुकलात" असं कुठेच म्हणू नका, "या हातोडीबद्दल हे तीन प्रश्न मला पडले" म्हणा, आणि उत्तरं शोधायला त्यांनाच सोबत घ्या. ज्यांना असले दावे भावतात त्यांना प्राचीन काळाची ओढ असते. ती ओढ आपल्यालाही आहे, तिचा मान ठेवा.

खडकवाचक
गोळे म्हणजे क्लर्क्सडॉर्पचे. ओटोसडालजवळच्या पायरोफिलाइट या मऊ खनिजाच्या खाणींत मिळतात, खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा. इथे थराचं भांडण नाही, ते खरंच त्या खडकातले आहेत. पण त्याही खनिजाच्या गाठीच आहेत, जागेवर वाढलेल्या. खाचा दिसतात कारण त्या ज्या साचलेल्या पदार्थात वाढल्या त्याला बारीक थर होते, आणि प्रत्येक थरात वाढ सारखी झाली नाही. फिरणाऱ्या फोटोंत निवडक गोल तेवढे असतात. चपटे आणि एकमेकांना चिकटलेले जोडगोळेही मिळतात, त्यांचे फोटो शोधा आणि शेजारी लावा.