एकच इंजिन म्हणून विमान पडतं? कालच्या पोस्टला उत्तर

कोपरीकर
काल आपल्या ग्रुपवर खारघरच्या एका सदस्यांनी लिहिलं: "छोट्या विमानाला एकच इंजिन. ते बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं, बहुतेक अपघात त्यामुळेच. आता उलव्याला विमानतळ सुरू झालाय, तेव्हा एका इंजिनाच्या विमानांना नवी मुंबईवर बंदी घाला." त्याखाली "बरोबर", "अगदी बरोबर" अशी रांग. मला झोप लागली नाही. मी 31 वर्षं हँगरमध्ये काढलीत, एएमई, म्हणजे विमानाच्या देखभालीचा परवाना असलेला इंजिनियर, म्हणून सह्या केल्यात.

दगडासारखं येत नाही हो. सेस्ना 172 चं इंजिन हजार फुटांवर बंद पडलं तर वारा नसताना ते साधारण पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. त्या एका इंजिनातही मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारी यंत्रं, दोन असतात आणि प्रत्येक सिलिंडरला प्लग दोन. बॅटरी मेली तरी ठिणगी पडत राहते.

मग पडतात कशाने? पहिलं म्हणजे पेट्रोल. संपतं, किंवा एका टाकीत असतं आणि वॉल्व्ह दुसऱ्या टाकीवर असतो, किंवा त्यात पाणी असतं. काट्यावर विसंबून उडायचं नाही, टाकीत डिपस्टिक घालून बघायचं, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि सहाव्या महिन्यात पोरं विसरतात. दुसरं, कार्ब्युरेटरमधला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातला, बर्फ. हे सांगितलं की लोक हसतात. बाहेर 25 डिग्री, अंगाला घाम, आणि आत बर्फ? पण पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना तापमान 20 डिग्रीपेक्षाही जास्त उतरू शकतं, आणि आपल्याकडची पावसाळी हवा तर ओलीचिंब. आरपीएम हळूहळू कमी होतात. गरम हवेचा नॉब ओढला की बर्फ वितळून पाणी इंजिनात जातं आणि ते आणखी खडखडतं. नवखा घाबरून नॉब परत आत ढकलतो. तिथे खेळ संपतो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे हळू वेगातलं वळण. रनवेसमोर यायला उशीर झाला, विमान रेषा ओलांडून पुढे गेलं, म्हणून पायाने रडर (शेपटीवरचं सुकाणू) दाबून नाक ओढून आणायचं. 45 अंश कललेलं विमान सपाट विमानापेक्षा 19 टक्के जास्त वेगावर स्टॉल होतं, म्हणजे पंख उचलून धरायचं सोडतात, 60 अंशांवर 41 टक्के. पाचशे फुटांवर स्पिनमध्ये गेलं, म्हणजे गरगरत खाली यायला लागलं, तर सावरायला जागाच नाही. इंजिन तेव्हा ठणठणीत चालू असतं! अमेरिकेतल्या अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने छोट्या विमानांच्या जीवघेण्या अपघातांत वर्षानुवर्षं "हवेत ताबा सुटणं" हेच सगळ्यात वर ठेवलंय.

बंदीची भाषा करण्याआधी एवढं तरी वाचा.

खारघरवासी
ती पोस्ट माझी. तुमच्या 31 वर्षांना नमस्कार. पण 28 जून 2018 आठवतो का? घाटकोपर. जुहूहून उडालेलं छोटं विमान बांधकामाच्या जागेवर पडलं. पाच माणसं गेली, त्यातला एक रस्त्याने चालला होता. त्याच्या घरच्यांना तुमचं पावणेतीन किलोमीटर तरंगणं समजावा. वाशी ते पनवेल एवढ्या दाटीत तरंगत येऊन उतरणार कुठे? पाम बीच रस्त्यावर?

वागळे इस्टेट
घाटकोपरचं किंग एअर सी-90 होतं. त्याला दोन इंजिनं असतात. तुमच्या बंदीत ते बसलंच नसतं.

खारघरवासी
बरं, दोन. चूक मान्य. मरणाऱ्याला खालून इंजिनं मोजता येत नाहीत.

उजवी सीट
मी इन्स्ट्रक्टर आहे, घर घणसोलीला, नोकरी बाहेरगावी. खारघरच्या साहेबांच्या भीतीत तथ्य आहे, कारणात नाही. छोट्या दोन इंजिनवाल्याचं एक इंजिन टेकऑफनंतर लगेच गेलं तर दुसरं विमानाला एका बाजूला ओढतं. ठराविक वेगाच्या खाली आलात तर रडर पुरत नाही, विमान उलटं होतं. म्हणजे दुसरं इंजिन तेव्हा वाचवेलच असं नाही, त्याच्यासाठी वेगळा हात बसवावा लागतो.

कोपरीकर काकांनी ढग सोडले. इलिनॉय विद्यापीठात 1954 साली 20 जणांवर प्रयोग झाला होता. ज्यांना फक्त बाहेर बघून उडवता येतं त्यांना ढगात गेल्यासारखी स्थिती दिली. सगळ्यांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. कानातला तोल सांगतो की आपण सरळ आहोत आणि विमान गोल गोल खाली जात असतं. माथेरान-प्रबळगडावर जुलैत ढग कसे बसतात ते पनवेलकरांना सांगायला नको. "एवढं एक ढगाचं पोर ओलांडलं की पलीकडे स्वच्छ आहे" हे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकलंय आणि दोनदा त्यांच्या हातातून विमान काढून घेतलंय.

पोरीची आई, पाचपाखाडी
मी गप्प बसणार होते. माझी मुलगी शिकतेय. कमर्शियल लायसन्सला 200 तास लागतात, त्यासाठी आम्ही राहतं घर गहाण टाकलंय. म्हणून बोलते.

काका, तुमची सगळी यादी वाचली. नवखा नॉब ढकलतो. पोरं विसरतात. नाक ओढून आणतात. प्रत्येक ओळीत दोष पोरांचा! जुलै 2022 मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात सोलोवर, म्हणजे एकटीच उडत असलेली शिकाऊ मुलगी विमानासकट उतरली, जखमी झाली, वाचली. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन विमानं पडली. त्या आठवड्यात मी दर तासाला फोन करत होते. पोरगी म्हणाली, "आई, उडताना फोन बंद असतो, तू घाबरू नकोस." तो बंद लागला की माझे हातपाय गार पडायचे.

विमान नीट ठेवणं कोणाचं काम? आठ दिवस हवा खराब, मग नववा दिवस बरा निघाला की सगळ्यांना एकाच दिवशी उडवायचं, ती घाई कोणाची? "पायलटची चूक" लिहिलं की फाईल बंद होते.

खाडीवाला
यात पक्षी कोणी काढले नाहीत म्हणून लिहितो. 20 मे 2024 ला घाटकोपरला प्रवासी विमानाच्या धडकेत 39 फ्लेमिंगो मेले. मी दुसऱ्या दिवशी तिथे गेलो होतो. गुलाबी पिसं इमारतींच्या गच्चीवर होती. ते विमान सुखरूप उतरलं. छोट्या विमानाची समोरची काच साधी अ‍ॅक्रिलिक असते, पक्ष्याचा मार सोसायची परीक्षा तिला द्यावी लागत नाही. खाडीकाठी खरा धोका हा आहे.

खारघरवासी
मग बुजवा की ती तळी. विमानतळाशेजारी पक्ष्यांना निमंत्रण कशाला?

खाडीवाला
हेच! हेच ऐकून ऐकून डोकं फिरतं. पक्षी भरतीला चिखल पाण्याखाली गेला की विसाव्याला सीवूड्स-नेरुळच्या तळ्यांवर येतात, ओहोटीला परत खाडीत. ती तळी बुजवली तर पक्षी गुजरातला निघून जात नाहीत. मोकळी, सपाट, ओली जागा शोधत आसपास घिरट्या घालतात. विमानतळाइतकी मोकळी सपाट जागा दुसरी कुठली आहे? ठाणे खाडी 2015 पासून अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पक्षी आधी होते.

खारघरवासी
आधी तर आगरी-कोळ्यांची शेतं आणि मिठागरंही होती. ती गेली तेव्हा कोणी मेणबत्त्या लावल्या नाहीत. माणसाच्या जिवापेक्षा बगळा मोठा?

खाडीवाला
फ्लेमिंगो. बगळा नाही. आणि मिठागरांसाठी मी स्वतः सह्या गोळा करत उन्हात उभा राहिलोय, तेव्हा "कोणी नाही" म्हणू नका. पक्षी हटवायचेत ना? कचरा हटवा. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायचा नाही, जनावरं कापायची नाहीत, असा नियमच आहे. घारी आणि कावळे फ्लेमिंगोपेक्षा जास्त त्रास देतात आणि ते कचऱ्यावर जगतात. तुमच्याच सेक्टरच्या कोपऱ्यावरचा ढीग मी रोज ट्रेन पकडताना बघतो.

खारघरवासी
ढिगाबद्दल मी तीन तक्रारी केल्यात, एकाचंही उत्तर नाही. त्याबाबतीत तुमच्या बाजूने आहे. फक्त त्याबाबतीत.

वागळे इस्टेट
पक्षी पुरे. ताईंच्या प्रश्नाला उत्तर द्या. माझं मशीन शॉप आहे. कामगाराचा हात प्रेसमध्ये गेला की पहिली नोंद "निष्काळजीपणा" अशीच होते. मग बघावं तर बटण चुकीच्या बाजूला. गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 ला कॅलिफोर्नियात गेला. एका इंजिनाचं, घरी बांधलेलं लाँग-ईझेड. टाकी बदलायचं हँडल बांधणाऱ्याने डाव्या खांद्यामागे बसवलं होतं. ते फिरवायला वळलं की पाय नकळत रडरवर जोर देतो. विमान समुद्रात गेलं. पेट्रोल पुरेसं घेतलं नाही ही त्याची चूक, कबूल. पण हँडल कोणी बसवलं?

कोपरीकर
मी फक्त पायलटवर ढकलतोय असं ताईंना वाटलं, ते मला लागलं. कारण हँगरमधल्या माणसाइतकं रात्री जागून कोणी विचार करत नाही.

एक गोष्ट सांगतो, कुठली ते विचारू नका. पावसाळ्यानंतरचा पहिला आठवडा. एका पोराने टाकीखालच्या ड्रेनमधून नमुना काढला, बाटली उजेडात धरली. पेट्रोलमध्ये पाणी असलं की खाली थेंब बसतो, मध्ये रेष दिसते. त्याला रेष दिसली नाही. सगळं एकसारखं स्वच्छ. तो उडाला. चारशे फुटांवर इंजिन बंद. बाटलीत रेष नव्हती कारण बाटलीत सगळं पाणीच होतं. एव्हीगॅस 100 एलएल, म्हणजे या विमानांचं पेट्रोल, निळसर असतं. त्याने रंग बघितला नाही, वास घेतला नाही. पण पुढे जे केलं ते सोन्यासारखं. मागे वळला नाही. नाक खाली, समोर हरभऱ्याचं रान, तिथे उतरवलं. पुढचं चाक मोडलं, पोरगा चालत बाहेर आला. वळला असता तर मी आज ही गोष्ट सांगू शकलो नसतो.

पोरीची आई, पाचपाखाडी
पाणी टाकीत आलं कुठून?

कोपरीकर
झाकणाच्या रबरातून. कडक झालं होतं, भेगा होत्या. पंखावर पाऊस साचला तो आत उतरला.

पोरीची आई, पाचपाखाडी
ते रबर बदलणं त्या पोराच्या हातात होतं?

उजवी सीट
काका, उत्तर द्या.

कोपरीकर
नव्हतं. नवीन मागवायची चिठ्ठी मी दोनदा दिली होती. आलं नाही. तिसऱ्यांदा दिली नाही, विमान उभं करा असंही म्हटलं नाही, कारण उडायला पोरं रांगेत होती. चौकशीत "उड्डाणापूर्वीची तपासणी अपुरी" असं लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं. पण अर्धं होतं आणि उरलेलं अर्धं मला ठाऊक होतं.

एवढं मान्य करतो. एक इंजिन म्हणून पडतं, हे मात्र अजूनही मान्य नाही.

खारघरवासी
पायलट चुकतो, रबर फाटतं, पक्षी येतो, ढग येतो. म्हणजे पडायची कारणं माझ्या पोस्टपेक्षा जास्तच निघाली. बंदीची ओळ मी काढतो, कारण ती इंजिनावर बेतलेली होती. दाट वस्तीवरून खालून उडू नये, ही मागणी ठेवतो.

उजवी सीट
ती ठेवाच. शिकाऊ विमानं इथे नाहीतच म्हणा. ती बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी उडतात. इंजिन गेलं तर कुठे उतरायचं हे ज्याच्या मनात आधीच ठरलेलं नाही, त्याने उडूच नये.

पोरीची आई, पाचपाखाडी
पोरीचा आताच फोन आला. नमुना आकाशाकडे धरून बघते म्हणाली, "सगळे तसंच करतात." काका, कशावर धरायचा?

कोपरीकर
पांढऱ्या कागदासमोर. निळा दिसलाच पाहिजे. दोन थेंब हातावर घ्यायचे, पेट्रोल झटकन उडून गार लागतं, पाणी तसंच राहतं. मग वास. आणि टाकीचं झाकण स्वतः उघडून रबर बोटाने दाबायला सांगा. कडक लागलं तर उडायचं नाही, मागे कितीही जण रांगेत असले तरी. कोणी ओरडलं तर माझा नंबर तिला द्या, मी ग्रुपच्या ॲडमिनकडे ठेवलाय.