मदत हवी आहे: पोर्ट्रेटमध्ये स्वतःची स्टाईल कशी टिकवायची?

मंडळी, पोर्ट्रेट काढणाऱ्यांनी जरा सांगा. नवीन वर्षात एवढंच ठरवलंय की फोटो माझा वाटला पाहिजे, आणि समोरचा माणूस पण तोच वाटला पाहिजे. पण होतं काय, क्लायंट मोबाईलवर कुणाचातरी फोटो दाखवतो, अस्संच हवं म्हणतो, तोच ब्राऊन प्रीसेट (एडिटिंगची तयार रंग-सेटिंग), तीच मागची ब्लर, चेहरा इतका गुळगुळीत की त्वचेची छिद्रंच गायब. मला स्वतःला खिडकीचा साइड लाइट, ८५ एमएमची लेन्स आणि कमीत कमी रिटचिंग आवडतं. पिंपल काढतो, तो आठवड्यात जाणारच असतो, पण तीळ, व्रण, डोळ्याजवळच्या सुरकुत्या ठेवतो. आता एआय रिटच एका क्लिकवर सगळंच पुसतं, मग लोकांना माझे फोटो अर्धवट वाटतात!

अमेरिकन फोटोग्राफर अर्विंग पेन यांनी १९४८ मध्ये दोन भिंती जोडून अरुंद कोपरा केला आणि नामवंतांना त्यात उभं केलं, प्रॉप जवळजवळ नाहीच, तरी प्रत्येकजण त्यात वेगळा दिसतो. मला तसली एखादी मर्यादा स्वतःवर घालून बघायचीय, म्हणजे वर्षभर एकच लेन्स किंवा एकच बॅकग्राउंड. कुणी केलंय का असं? कंटाळा येतो की नजर सुधारते?

आणि मुख्य म्हणजे क्लायंटला रिटचिंगची हद्द बुकिंगच्या वेळीच कशी सांगता, की पोर्टफोलिओत फक्त आपल्याला आवडणारंच काम ठेवता? कामं कमी होतात का त्याने? अनुभव असेल तर सविस्तर लिहा प्लीज, 'मनाचं ऐका' वगैरे नको 😅