ऑडिशनला बेळगावी हेल निघाला की मोलकरणीचाच रोल का?

तिसरं_गेट
एकांकिकांचा सीझन तोंडावर आलाय, ऑडिशनच्या नोटिसा लागतील, म्हणून आत्ताच विषय काढतोय. गेल्या वर्षी माझी मामेबहीण (खानापूरकडची, बीकॉमला) एका कॉलेजच्या ऑडिशनला गेली. कॉलेजचं नाव घेत नाही, उगाच वाद नको. आत गेल्या गेल्या हातात कागद दिला आणि वाच म्हणाले. पोरगी सातवीपर्यंत कन्नड मीडियमला, घरी मराठी, देवनागरी वाचते पण अडखळत. वर आपल्याकडच्या बायका बोलतात तसं 'मी आलो, मी जातो' हेच तिच्या तोंडात. दोन मिनिटांत थँक्यू. मग संध्याकाळी निरोप, मोलकरणीचा रोल आहे, चार वाक्यं, तुझी भाषा त्याला नॅचरल बसते म्हणे!

माझं म्हणणं एवढंच की ही ऑडिशन अभिनयाची नव्हतीच, वाचनाची आणि उच्चारांची होती. समोरच्याचं ऐकून रिॲक्ट होते का, आवाज शेवटच्या रांगेत जातो का, स्टेजवर नुसती उभी राहिली तरी बघावंसं वाटतं का, यातलं काहीच कुणी बघितलं नाही. उच्चार तालमीत सुधारता येतात, या बाकीच्या गोष्टी नाही येत. बोला.

विंगेतला
मी चार-पाच वर्षं पोरांची नाटकं बसवतोय म्हणून दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका. युथ फेस्टिव्हलच्या एकांकिकेला वेळ किती असतो? अर्धा तास. स्टेजवर जास्तीत जास्त नऊ जण. तालमीला हातात वीसेक दिवस, त्यातही इंटर्नल्स, कुणाची बस, कुणाच्या गावची जत्रा. एवढ्यात मी ब्लॉकिंग करू (कोण कुठं उभं राहणार, कुठून कुठं जाणार ते), लाइट्स बघू, म्युझिक बसवू की एका पोरीचा 'आलो' काढून 'आले' बसवत बसू? आणि एवढं करूनही ऐन प्रयोगात टेन्शन आलं की मूळ भाषाच बाहेर येते, हे मी विंगेत उभा राहून पाहिलंय. एकांकिका पुण्यातल्या फ्लॅटमधली असेल आणि तिथली डॉक्टरीण 'काय करूलास गा' म्हणाली तर पब्लिक हसणार, सीन तिथंच मेला. पात्राची भाषा पात्र ठरवतं, डायरेक्टर नाही.

तिसरं_गेट
@विंगेतला मग पुण्याच्या फ्लॅटमधली एकांकिका निवडली कुणी?

मांडे_आणि_तूप
+१ गेटवाले. दरवर्षी हेच चाललंय. तिकडे कुठल्यातरी स्पर्धेत बक्षीस मिळालेली संहिता झेरॉक्स होऊन इकडं येते, तिच्यात लिफ्ट, वॉचमन, ईएमआय, लिव्ह-इन, आणि आमची येळ्ळूर-उचगावची पोरं तोंड वाकडं करून ते बोलतात. डोळे मिटून ऐकलं तर कोण कुठला कळत नाही. स्वतःची भाषा लपवण्यातच निम्मी एनर्जी जाते, अभिनय कधी करणार?

निपाणीचा_वारा
थोडं थंड घ्या. प्रमाण भाषा येणं हा काय गुन्हा आहे का? नट म्हटल्यावर सगळं बोलता आलं पाहिजे. आज बोलीच्या नावाखाली सूट दिलीत तर उद्या हीच पोरगी कोल्हापूर नाहीतर पुण्यात जाऊन काय करणार, तिथं कोण हिचे लाड करतंय? आमच्या सरांनी आम्हाला तोंडात पेन्सिल धरून वर्तमानपत्र वाचायला लावलं होतं. तेव्हा शिव्या घातल्या, आता त्याच आवाजावर अँकरिंगची कामं मिळतात. कष्ट करा की.

आणि पुलंच्या व्यक्तिचित्रातले बेळगावचे रावसाहेब विसरू नका. पुलं इथं आरपीडी कॉलेजात शिकवायला होते, आपला तो कानडी वळणाचा मराठी हेल त्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला ऐकवला, आणि लोक अजून प्रेमानं ऐकतात. बेळगावी भाषेचा अपमान होतो बिपमान होतो हे उगाच आहे.

मांडे_आणि_तूप
@निपाणीचा_वारा प्रेमानं ऐकतात हे खरं, पण हसत हसत ऐकतात ओ. रावसाहेब माणूस म्हणून मोठेच, त्यात वाद नाही. पण तेव्हापासून आपला हेल ऐकला की समोरचा आधीच हसायच्या तयारीत बसतो त्याचं काय? तिकडं बाहेर तर सोडा, आपल्याच हॉलमध्ये आपलीच माणसं हसतात. या भाषेत कुणी मेलेल्या बापाबद्दल बोललं तर चालेल का स्टेजवर? तुम्हीच सांगा.

धारवाडी_पेढा
मी घरी कन्नड बोलणारा, मराठी गल्लीत वाढलेला, त्यामुळं दोन्हीकडची नाटकं बघतो. तुमच्या या भांडणाची गंमत वाटते कारण कन्नडमध्ये हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच येऊन गेलाय. चंद्रशेखर कंबार कुठले? घोडगेरीचे, म्हणजे याच बेळगाव जिल्ह्यातले. त्यांची नाटकं इकडच्या बोली कन्नडमध्ये आहेत, बंगळूर-म्हैसूरच्या कन्नडमध्ये नाही, आणि त्यात राजकारण आहे, वासना आहे, मरण आहे, नुसता विनोद नाही. २०१० चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. आता बंगळूरची पोरं आमचा हेल शिकून ती नाटकं करतात. तुमच्या इथल्या मराठीत कुणी तसं लिहिलंच नाही तर ऑडिशन घेणारा तरी काय करणार, त्याच्याकडं मोलकरीणच आहे.

विंगेतला
@धारवाडी_पेढा हे पटलं. पण मग दोष संहितेचा झाला ना, ऑडिशनचा नाही. माझा मुद्दा तोच राहतो.

कॅम्पातली_मावशी
अरे बाळांनो, अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्या गुर्लहोसूरचे, १८८० ला संगीत नाटक उभं केलं त्या माणसानं. आणि तुम्ही मोलकरणीच्या रोलवर भांडताय.

तिसरं_गेट
मावशी, प्रत्येक चर्चेत अण्णासाहेब येतात आणि चर्चा तिथंच संपते 😄 त्यांचा फोटो लावून, हार घालून आपण आत पुण्याचीच झेरॉक्स करतो.

@विंगेतला संहितेचा दोष आहेच, पण ऑडिशनचाही आहे, सोडणार नाही मी. सीमाभागात निम्म्या पोरांचं शिक्षण कन्नड नाहीतर इंग्लिश मीडियममध्ये, मग पाच मिनिटं आधी कागद देऊन 'वाच' म्हटलं की मराठी शाळेतला पोरगा आपोआप पुढं जातो. तो चांगला नट असेलही, नसेलही. संहिता आदल्या दिवशी द्या, नाहीतर व्हॉट्सॲपवर कुणीतरी वाचून पाठवा, पोरं ऐकून पाठ करतात. नाहीतर कागदच देऊ नका, दोघांना उभं करा आणि सांगा की हा शेवटच्या बसला निघालाय आणि हिला त्याला थांबवायचंय, स्वतःच्या भाषेत. दोन मिनिटांत कळतं कोण ऐकतंय आणि कोण फक्त आपली पाळी यायची वाट बघतंय.

निपाणीचा_वारा
इम्प्रोव्ह, म्हणजे कागदाशिवाय ऐनवेळी सुचेल ते बोलणं, सगळ्यांनाच जमतं असं वाटतं, नंतर लिहिलेलं वाक्य बोलताना लाकूड होतात. अनुभव आहे. लिहिलेलं वाक्य जिवंत करणं हेच तर नटाचं काम. आणि मालवणी बघा, वस्त्रहरणचे हजारो प्रयोग झाले, मुंबईत, हाउसफुल्ल. बोली चालत नाही असं कुठंय, दम पाहिजे.

मांडे_आणि_तूप
वस्त्रहरण पण हसायचंच नाटक ना ओ. मालवणीला मुंबईत लाखो चाकरमानी प्रेक्षक होते, आपल्या बोलीला तिथं कोण आहे? आपला प्रेक्षक इथंच, कुमार गंधर्व नाहीतर लोकमान्य रंगमंदिरात, तोही आला तर.

शहापूर_बॅकस्टेज
नऊ जणांची टीम म्हणता, पण निम्मी नावं ऑडिशनच्या आधीच ठरलेली असतात हे कुणी बोलत नाही. मागच्या वर्षीचा हिरो, त्याची मैत्रीण, सरांचा लाडका. राहिल्या जागांसाठी साठ पोरं लाइनीत. भाषा हे फक्त नाही म्हणायचं कारण आहे. मी तीन वर्षं पडदा ओढतोय, मला विचारा.

विंगेतला
@शहापूर_बॅकस्टेज मागच्या वर्षी चांगलं काम केलेल्याला परत घेणं म्हणजे लफडं नाही भावा. ट्रॉफी आली नाही तर पुढच्या वर्षी मॅनेजमेंट बसभाडंसुद्धा देत नाही, ते कोण मागायला जातं? मी. परीक्षक बाहेरून येतात, त्यांना कळलं पाहिजे काय चाललंय.

धारवाडी_पेढा
परीक्षकांना कळत नाही हे कारण जरा पातळ आहे हं. युथ फेस्टिव्हलला पुढच्या लेव्हलवर तर कुठल्याही भारतीय भाषेत एकांकिका चालते, हिंदी नाहीतर इंग्लिशमध्ये सारांश द्यायचा बस. तिथं मणिपुरी बघून मार्क देतात, बेळगावी मराठीला घाबरतील होय? आणि परीक्षकांची पसंती पकडून चालणार असाल तर पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत २०२२ ला त्यांनी करंडक कुणालाच दिला नव्हता, केवढा गदारोळ झाला. म्हणजे त्यांना आवडेल असं करूनही गॅरंटी नाहीच.

विंगेतला
बरं. मी आडमुठा नाही. यंदा आमच्याकडं संहिता आदल्या दिवशी देतो, एवढं मान्य. इम्प्रोव्ह पण ठेवतो, पण लिहिलेला उतारा बोलावा लागेलच, त्यात सूट नाही. आणि डॉक्टरीण 'आलो' म्हणणार नाही, नाटक पुण्याचं असेल तर नाहीच.

तिसरं_गेट
आणि नाटक खानापूरचं असेल तर?

विंगेतला
आण लिहून. तीस मिनिटांत बसलं पाहिजे, पात्रं नऊच्या आत, आणि शेवटी सगळे रडत मिठी मारतात तसलं नको. महिन्याच्या आत दे, नाहीतर मी झेरॉक्सवाल्याकडं जाणार.

मांडे_आणि_तूप
मी लिहितो. मी म्हणजे मुलगी आहे हं, गैरसमज नको 😂 मोलकरीण पण असेल त्यात, पण तिला चारच वाक्यं नसतील.

निपाणीचा_वारा
लिहा लिहा. माझं मत बदललेलं नाही, पेन्सिल धराच. प्रयोगाला येतो, आवाज मागं पोचला नाही तर तिथंच ओरडून सांगणार.