गिबन्सच्या पाकळ्या इतक्या पातळ कशा टिकतात?

गिरगावकर
इंग्लंडमधला लाकूडकोरीव कारागीर ग्रिनलिंग गिबन्स (१६४८–१७२१) यानं तिथल्या पेटवर्थ हाउस या वाड्यासाठी आणि हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्यासाठी कोरलेल्या फुलापानांच्या लडी पाहिल्या की डोळे दिपतात. त्याच धर्तीवर फूटभराची लड करायची आहे: गुलाब, गव्हाच्या ओंब्या, फीत. सागात पाकळीची कड दोन मिलिमीटरच्या खाली गेली की कपचा उडतो. लाकूड चुकतंय, हत्यार की पद्धत? आणि पॉलिश पेपर नसताना त्यांना एवढा गुळगुळीतपणा कसा मिळाला?

शिवणफळी
आधी लाकूड. गिबन्स लिंडेन या युरोपातल्या मऊ लाकडात कोरायचा. त्याच्या दोनशे वर्षं आधी जर्मनीत रीमेनश्नायडर आणि फाइट श्टोस हे शिल्पकारही त्यातच. लिंडेनचा पोत सगळीकडे सारखा, त्यामुळे आडवा कापही स्वच्छ येतो. सागात दर वर्षाच्या वाढीला मोठ्या छिद्रांची रांग असते. पातळ कड त्या रांगेवर आली की तिथेच तुटणार.

लिंडेनऐवजी रे रोडच्या वखारीत वाळलेलं शिवणीचं लाकूड मागा. काही फळ्यांत तंतूंच्या रेषा उलटसुलट असतात, म्हणून घेण्याआधी कोपऱ्यावर दोन्ही दिशांनी पटाशी चालवून बघा. हेदाचं लाकूड मिळालं तर त्याचा पोत आणखी बारीक, पण कडक.

पटाशीच्या धारेचा कोन बदला. सागाला २५–३० अंश ठीक, मऊ लाकडाला २० च्या आसपास. जाड धार मऊ लाकूड कापत नाही, चेपते. आडव्या कापावर पांढुरके, फाटलेले तंतू दिसले तर समजा धार गेली.

आता पाकळी. ती सगळीकडे पातळ नसतेच! कडेला कागदासारखी, देठाकडे चांगली जाड. आपल्याला फक्त कड दिसते. समोरची बाजू पूर्ण कोरून होईपर्यंत मागचं लाकूड तसंच ठेवायचं. मग काम वाळूच्या पिशवीवर पालथं घालून मागून पोखरायचं. आधी पोखरलंत तर पुढच्या प्रत्येक दाबाला पाकळी नुसती लवते आणि तुटते. पाकळीची लांबी रेषेच्या दिशेनं ठेवा. देठ आडवा जात असेल तर तो वेगळ्या तुकड्यात कोरून बसवा. गिबन्सच्या मोठ्या लडीही थरांच्या आहेत, वरची फुलं वेगळी कोरून खिळ्यांनी जोडलेली.

काळाघोडा
पोखरण्याबद्दल सहमत. गुळगुळीतपणाचं उत्तर १९८६ च्या आगीनंतर मिळालं. हॅम्प्टन कोर्टमधली जळालेली लड डेव्हिड एस्टर्ली या कोरीवकाम करणाऱ्यानं नव्यानं कोरली. त्या कामात मूळ कोरीवकामावर तिरपा प्रकाश टाकल्यावर बारीक ओरखडे दिसले. ते हॉर्सटेल नावाच्या वनस्पतीच्या दांड्यांचे. त्यांत सिलिका असते, त्यामुळे त्या घासायला चालतात. म्हणजे ‘जुने उस्ताद फक्त पटाशीवर थांबायचे’ हे गिबन्सला लागू नाही.

पण घासणं अगदी शेवटी. पॉलिश पेपरचे कण लाकडात रुततात, त्यानंतर पटाशी लावली की धार जाते. पाकळीच्या मध्यावर ३२० नंबरचा पेपर हलक्या हातानं फिरवा, कडांना लावूच नका. कड गोल झाली की फूल मेणाचं वाटतं.

दमटहवा
मुंबईचा एक मुद्दा राहिला. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड एसीच्या खोलीत आकसतं, आणि वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं गाभ्याकडच्या दिशेच्या साधारण दुप्पट. म्हणून मधला गाभा असलेला तुकडा घेऊच नका. रीमेनश्नायडरच्या जर्मनीतल्या रोथेनबुर्गच्या चर्चमधल्या वेदीवरच्या (१५०१–१५०५) कामासारख्या लिंडेनच्या मूर्ती मागून पोकळ करण्याची रीत याचसाठी. गाभा निघून जातो, भिंत पातळ राहते, तडा जात नाही. तुमच्या लडीत गुलाबाखालचा जाड भाग मागून असाच रिकामा करा.

गिरगावकर
आभार. फिनिशला काय लावू? लाख पॉलिश?

शिवणफळी
नको, खोबणीत साचून चमकतं. पातळ मेण ब्रशनं लावा आणि कोरड्या ब्रशनं काढा. गिबन्सचं लिंडेन मुळात फिकट, न रंगवलेलं होतं, मागे गडद ओक. तेव्हा मागची फळी सागाची घ्या, तुमचा साग तिथे कामी येईल.