टोमॅटोच्या गरात ॲन्थोसायनिन: डीएफआर घालूनही फळ लालच का?

गर_आणि_साल:
टोमॅटोचा गर ॲन्थोसायनिननं (जांभळ्या रंगद्रव्यानं) रंगवायचाय, म्हणून 35एस प्रमोटरखाली (जनुक सतत चालू ठेवणारा स्विच) पेटुनियाचं डीएफआर जनुक (रंग बनवणाऱ्या एका एन्झाइमचं) घातलंय. पीसीआर, आरटी-पीसीआर दोन्ही पॉझिटिव्ह, म्हणजे जनुक आहे आणि चालूही आहे. तरी पिकलेलं फळ कापलं की गर साधा लाल. प्रमोटर बदलावा, की आणखी एखादं एन्झाइम घालावं?

फ्लेव्होनॉइड:
प्रमोटरचा दोष नाही. डीएफआर हा रंग बनवणाऱ्या एन्झाइमांच्या साखळीतला उशिराचा टप्पा, आणि गरात त्याआधीचे टप्पेच जवळपास बंद असतात. कच्चा मालच पोचत नाही, तर डीएफआर करणार काय? एकेक एन्झाइम घालत बसू नका. 2001 मध्ये पेटुनियाच्या सीएचआयनं (साखळीतलं आधीचं एक एन्झाइम) सालीतले फ्लेव्होनॉल (त्याच साखळीतली फिकट संयुगं) 78 पटींपर्यंत वाढवले, पण गर होता तसाच राहिला.

अख्खी साखळी जागी करायची तर ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (अनेक जनुकं एकदम चालू करणारी प्रथिनं) हवेत. नॉरिचच्या जॉन इन्स सेंटरमधल्या कॅथी मार्टिन यांच्या गटानं 2008 मध्ये स्नॅपड्रॅगनची दोन जनुकं घेतली: एमवायबी गटातलं रोझिया1 आणि बीएचएलएच गटातलं डेलिला (दोन्ही गट अशाच फॅक्टरांचे). त्यांच्यासोबत लागणारं तिसरं प्रथिन, डब्ल्यूडी40, टोमॅटोचा स्वतःचंच चालतं. दोन्ही जनुकं ई8 प्रमोटरखाली होती. तो फळ पिकताना जागा होतो, म्हणून पानं-खोडावर भार पडत नाही. हिरव्या अवस्थेच्या शेवटी रंग चढू लागतो आणि सालीपासून गरापर्यंत फळ जांभळं होतं. ताज्या वजनाच्या ग्रॅमला सुमारे 2.8 मिलिग्रॅम ॲन्थोसायनिन मिळालं, पाण्यात विरघळणारी ॲन्टिऑक्सिडंट क्षमता तिप्पट झाली.

पेशीसंवर्धन:
दोन्ही जनुकं एकाच टी-डीएनएवर (जिवाणू रोपात सोडतो तो डीएनएचा तुकडा) ठेवा. वेगवेगळी घातली तर पुढच्या पिढीत फुटतात आणि नुसत्या एकानं गर रंगत नाही.

7-8 दिवसांच्या रोपांची बीजपत्रं घ्या, खरी पानं फुटायच्या आत. ॲग्रोबॅक्टेरियमची (जनुक रोपात नेणारा जिवाणू) ओडी, म्हणजे द्रावणाची दाटी, 0.4-0.5, सोबत 100 मायक्रोमोलर ॲसिटोसिरिंगोन (जिवाणूला चालना देणारं रसायन), अंधारात दोन दिवस. नंतर एमएस माध्यमात (पेशी वाढवायचं नेहमीचं पोषक माध्यम) 3 टक्के साखर, पीएच 5.8, लिटरला झिॲटिन (कोंब फोडणारं संप्रेरक) 1-2 मिलिग्रॅम, कॅनामायसिन (जनुक न मिळालेल्या पेशी मारणारं) 100 आणि टायमेंटिन (जिवाणू मारणारं) 300 मिलिग्रॅम. झिॲटिन आणि अँटिबायोटिक ऑटोक्लेव्हनंतर, गाळून घाला. माध्यम दर पंधरवड्याला बदला. टायमेंटिन उतरलं की जिवाणू परत डोकं वर काढतात. कोंब कापताना तळाशी कॅलस (पेशींचा आकारहीन गोळा) ठेवू नका, मुळं फुटत नाहीत. मुळांच्या माध्यमातही कॅनामायसिन 50 ठेवा, जनुक नसूनही निसटलेले कोंब तिथेच गळतात.

एक गोष्ट हमखास राहते: बीजपत्रातून आलेल्या टोमॅटोत टेट्राप्लॉइड (गुणसूत्रं दुप्पट झालेली रोपं) बरेच निघतात. रक्षक पेशींतल्या हरितलवकांची संख्या नेहमीच्या रोपाशी ताडून बघा, आणि ती रोपं आधीच बाजूला काढा. नाहीतर बी कमी धरतं आणि दोष उगाच जनुकाच्या माथी येतो.

गर_आणि_साल:
परकं जनुक टाळून क्रिस्परनं (जनुक-संपादनानं) टोमॅटोचं स्वतःचं एटीव्ही जनुक बंद केलं तर?

फ्लेव्होनॉइड:
नुसत्या एटीव्हीनं फळ जांभळं होणार नाही. तो रंगावरचा ब्रेक आहे, आणि लागवडीच्या टोमॅटोत रंग चालू करणाऱ्या एएन2-लाइक जनुकाचं स्प्लायसिंग (आरएनए जोडणी) बिघडलेलं असतं, म्हणजे ब्रेक सोडला तरी गाडी चालवणारं कोणी नाही. चांगलं एएन2-लाइक सोलॅनम चिलेन्से या रानटी टोमॅटोकडून आलेल्या एएफटी या जनुकभागात मिळतं. एएफटीच्या वाणात एटीव्ही बंद करा. तरी रंग मुख्यतः उन्हाकडच्या सालीत येतो, ओरेगॉनच्या 'इंडिगो रोझ' या वाणासारखा. गर हवा असेल तर डेलिला-रोझिया1 हाच रस्ता.

मोजमाप:
रंग डोळ्यांनी ठरवू नका. वाटलेलं फळ 1 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिथेनॉलमध्ये 4 अंशांवर रात्रभर अंधारात ठेवा, मग पाणी आणि क्लोरोफॉर्म घालून हलवा. लायकोपीन (टोमॅटोचं लाल रंगद्रव्य) खालच्या थरात जातं, ॲन्थोसायनिन वर राहतं. वरचा थर पीएच 1.0 आणि 4.5 च्या बफरमध्ये विरळ करून 520 आणि 700 नॅनोमीटरला वाचा. 700 चा आकडा वजा केला नाही तर गढूळपणाच मोजला जातो. 449.2 (रेणुभार) आणि 26,900 (मोलर शोषणांक) वापरून येणारा आकडा सायनिडिन-3-ग्लुकोसाइडच्या तुलनेतला असतो, तसं लिहा.

आणि आरोग्याचे दावे जपून करा. त्या 2008 च्या प्रयोगात कर्करोगप्रवण उंदरांचं सरासरी आयुष्य जांभळ्या टोमॅटोच्या पावडरीनं 142 वरून 182 दिवसांवर गेलं. पण ते उंदीर होते.

जैवनियम:
भारतात ई8 ची रोपं ट्रान्सजेनिकच. आधी संस्थेची जैवसुरक्षा समिती आयबीएससी, मग जनुकबदलाच्या संशोधनावरची केंद्रीय समिती आरसीजीएम, शेतातल्या चाचणीला पर्यावरण मंत्रालयाची समिती जीईएसी. एटीव्हीचं एसडीएन-1 संपादन (बाहेरचा डीएनए न जोडता केलेला छोटा बदल) मार्च 2022 च्या आदेशानं 1989 च्या जनुकबदल-नियमांतल्या 7 ते 11 मधून सुटतं, पण रोपात परका डीएनए उरला नाही हे आयबीएससीला दाखवावं लागतं. कॅस9 (क्रिस्परचं कापणारं एन्झाइम, त्याचं जनुक) गळालेली रोपं टी1 मध्येच, म्हणजे पुढच्या पहिल्या पिढीत, वेगळी काढा.